श्रावणी सोमवारची हाफ डे

आमच्या बोईसरच्या शाळेत श्रावणी सोमवारी दुपारीच घंटा व्हायची. घरी जाऊन उपास सोडायचा म्हणून. २०१७ला मी नववीत होते, तालुक्याचे कबड्डीचे सामने तोंडावर आले होते, त्यामुळे शाळा सुटली तरी सराव चुकायचा नाही. पण सोमवारी सर मला स्वतःहून म्हणायचे, "उपास आहे ना तुझा? बस झाडाखाली, गुण मोज." मला कधी अर्ज लिहावा लागला नाही, आईची सही आणावी लागली नाही. याला सवलत म्हणतात हेही मला माहीत नव्हतं.

माझी मैत्रीण चिंचणीहून शेअर रिक्षाने यायची. आमची पहिली चढाई तिचीच. अंगाने बारीक, पण दम असा की समोरच्या पोरी निदान रेषेच्या मागे सरकायच्या. त्या वर्षी तिने स्कार्फ बांधायला सुरुवात केली आणि हाफ पॅन्टखाली लेगिंग्ज. सर म्हणाले, पिना टोचतील, कुणी स्कार्फ ओढला तर गळ्याला फास बसेल. हे खोटं नव्हतं. कबड्डीत हाताला येईल ते धरलं जातं. दुसऱ्या दिवशी ती टोपी घेऊन आली. तिच्या अम्मीने जुन्या टी-शर्टचं कापड इलॅस्टिक लावून शिवलं होतं, पिन एकही नाही, गळ्याभोवती काही लोंबत नाही. सरांनी ती हातातही घेतली नाही. "एकीला दिलं की उद्या सगळ्या काहीतरी मागतील. आणायचाच असेल तर अर्ज आण, वर विचारतो."

सगळ्या म्हणजे कोण, हे मी विचारू शकले असते. कॅप्टन होते मी. पण ती बसली तर पहिली चढाई माझी होती, हे माझ्या डोक्यात लगेच आलं होतं. मी बुटाची लेस बांधत राहिले.

पालघरला आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. परतीच्या गाडीत कुणी काही बोललं नाही. उमरोळी गेलं, बोईसर आलं, उतरलो. अर्ज तिने दिलाच नाही.

पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१८ला, जकार्तात आशियाई स्पर्धेची महिला कबड्डीची फायनल होती. भारताने २०१० आणि २०१४चं सुवर्ण घेतलेलं, त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच होता. आणि आपण २७-२४ हरलो. इराणकडून. त्या सगळ्या पोरींची डोकी झाकलेली होती, हातपाय झाकलेले होते, आणि त्या ज्या पकडी करत होत्या त्या पाहून मला घाम फुटला. त्यांच्या कोच कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! इराणी पोरींकडून त्या योगासनं आणि प्राणायाम करून घ्यायच्या. इकडे मुंबई महापालिकेच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यावरून २०१६ला केवढं रण पेटलं होतं. तिकडे एका मराठी बाईने श्वासाचं तंत्र म्हणून तीच गोष्ट नेली आणि सुवर्ण काढलं.

नियमांचं म्हणाल तर फुटबॉलने स्कार्फला २०१४मध्येच परवानगी दिली, बास्केटबॉलने २०१७मध्ये, म्हणजे आमच्या त्याच वर्षी. अट साधारण हीच, की कापड अंगाबरोबर बसावं आणि कुणाला इजा होऊ नये. तिच्या अम्मीने हेच तर शिवलं होतं.

अलीकडे रमजान मार्चच्या आसपास येतो, परीक्षेच्या दिवसांत. सहाशे मीटर धावण्याची चाचणी भर दुपारी घेतली, तर रोजा असलेल्या पोराने पाणी न पिता आपल्याकडच्या या दमट हवेत पळायचं. सकाळी सातला घ्या किंवा ईदनंतर घ्या, वहीत एक तारीख तर बदलायची आहे. श्रावणासाठी आपण अख्खं वेळापत्रक बदलतोच की.

ती फायनल संपल्यावर मी तिला फोन केला होता. तिने पहिला प्रश्न विचारला, "पिना होत्या का गं त्यांच्या?" दोघी हसलो. मागच्या दिवाळीत चिंचणीच्या किनाऱ्यावर भेटलो तेव्हा मात्र मी धीर करून विचारलं, तेव्हा माझा राग आला होता का.

"तुझा कशाला? तू तर काही बोललीच नव्हतीस."

मग तिने विषय बदलला. धाकट्या बहिणीला शाळेच्या खो-खोच्या संघात घेतलंय म्हणाली, टोपीसकट. नवीन मॅडम आल्यात, त्यांनी फक्त टोपी एकदा ओढून बघितली आणि म्हणाल्या, घट्ट आहे, चालेल.