ठासणीची बंदूक

आमच्या घरात बंदूक आहे हे गोरेगावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती किती बिनकामाची आहे हे फक्त आम्हाला.

एकनळी, ठासणीची. आधी नळीत दारू ओतायची, मग चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोडा मागे ओढून टोपी बसवायची. अण्णांचा हात बसलेला होता तरी दोन मिनिटं जायची, मला पाच लागायची. तेवढ्यात डुकरांचा कळप आमच्या हरभऱ्यातून उठून बांधापलीकडे पसार झालेला असायचा.

आजोबांनी ती पोलीस ॲक्शननंतर घेतली. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी गेली, पण त्याआधी रझाकारांच्या धास्तीने गाव रात्र रात्र जागं असताना घरात कुऱ्हाडीपलीकडे काही नव्हतं, ही सल त्यांना शेवटपर्यंत होती. अण्णांच्या हाती आली तोवर तिचं काम एवढंच उरलं होतं, की माळ्यावर बसून हवेत बार काढायचा. डुक्कर काय, रोही काय, मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. 2015 साली सरकारने ती मिळवणं सोपं केलं म्हणतात. तरी परवानगीचा कागद खिशात घालून अंधारात नेमकं डुक्कर हुडकणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

2012 च्या जानेवारीतली गोष्ट. अण्णा तापाने फणफणले होते, म्हणून जागलीला मी गेलो आणि बंदूक बरोबर नेली. परवान्यावर माझं नाव नव्हतं, म्हणजे ती माझ्या हातात असणं हाच गुन्हा. मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस. पण बापाची बंदूक पोराने नेली तर गावात त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही, तेव्हा मीही म्हटलं नाही.

रात्रीचा दीड-दोनचा सुमार. गोधडीतून हात बाहेर काढवेना अशी थंडी. तुरीत खसखस झाली. थांबली. पुन्हा झाली, आता जवळ. आदल्याच रात्री डुकरांनी हरभऱ्याची चार तासं उकरून टाकली होती, तो राग डोक्यात होता. बॅटरी लावली असती तर कळप पळाला असता, आणि मला तो पळायला नको होता. खरं सांगतो, त्या रात्री मला हवेत बार काढायचा नव्हता. चाचपडत दारू ओतली, थोडी सांडली. बोळा ठासला. छर्रे मुठीतून निसटून माळ्याच्या फळ्यांवर टपटपले, ते वेचले. दुसरा बोळा घालून गज नळीत सोडतोय, तोच तुरीतून खोकला आला.

बिडी ओढणाऱ्या माणसाचा खोकला.

"कोन हाय?" मी ओरडलो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"म्या हाव, मास्तर! लाईन आली ना, मोटर चालू कराया चाललो. इकून जवळ पडतं."

शेजारच्या शेतातला सालगडी. बांधाने गेलं तर लांबचा वळसा पडतो, म्हणून तो आमच्या तुरीतून निघाला होता. माळ्याखाली येऊन त्याने बिडी पेटवली, काडीच्या उजेडात त्याची कानटोपी दिसली. "डुकरं आलती काय?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. गज अजून नळीतच होता आणि माझ्या मांड्या थरथरत होत्या. काय होता होता राहिलं ते मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. बारा बोरची असती, दोन काडतुसं भरलेली, तर खोकायची वेळच आली नसती.

आमच्याकडे शेतीला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईन असते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर माणूस रात्रीच रानात जाणार. म्हणजे अंधारात पिकात हलतंय ते जनावरच असेल असं धरून चालत नाही. बंदूक मागणारे हा हिशोब धरत नाहीत. कायद्याला मात्र तो थोडाफार कळलेला दिसतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी म्हणून नाव घेतलंय ते ठासणीच्याच बंदुकीचं. पिस्तूल हवं तर मागणाऱ्याला त्याचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं.

शाळेत शिकवताना यातला एक धागा मला नेहमी अडवायचा. इंग्रजांनी 1878 मध्ये हत्यारांचा कायदा केला तो आपल्याला निःशस्त्र ठेवायला, आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. गांधीजींनीसुद्धा त्या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत केली. 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, नियमांच्या अधीन राहून. मग डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामथांनी घटना समितीत तीच मागणी दुरुस्ती म्हणून मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. निजामी जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आजोबांना विचारलं असतं तर ते कामथांच्या मागे उभे राहिले असते. त्या खोकल्यापर्यंत मीही त्यांच्याच मागे होतो.

माझा भाचा डॅलसला असतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्याने पिस्तूल घेतलं. दुकानात ओळखपत्र दाखवलं, फॉर्म भरला, संगणकावर तपासणी झाली, तासाभरात पिस्तूल घेऊन घरी. तिथे 1791 पासून हा हक्क घटनेतच आहे, त्यामुळे भांडण चालतं ते किती थांबवायचं यावर. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं, त्याच्या टेक्सासात तसं काही नाही. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "मामा, दहा दिवसांनी काय फरक पडतो?" मी म्हटलं, मला पाच मिनिटांनी पडला. त्याला ते कळलं नाही, कारण त्यालाही मी ही गोष्ट सांगितलेली नव्हती.

आता पुतण्याचं. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यांना अमानुष मारहाण करून मारलं, तरी चर्चा बंदुकांवर गेली. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ तेव्हाच फिरत होते. बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने आणि परभणीत 32, असे आकडे पेपरांत आले. पुढे बीडमध्ये बरेच परवाने रद्द झाले. आमचा हिंगोली जिल्हा 1999 पर्यंत परभणीतलाच, त्यामुळे त्या 32 चं मला उगाच बरं वाटलं होतं. पुतण्याने मात्र ते आकडे उलटे वाचले.

"काका, पिस्तुलाचा अर्ज करायचाय. वर कुणाकडं तरी शब्द टाका."

"डुकरांसाठी?"

"नाही हो. आजकाल लागतं."

"कशाला?"

"लागतं."

त्याचं प्लॉटिंगचं काम आहे आणि पुढे निवडणूक लढवायची आहे. त्याला कुणाची धमकी आलेली नाही, हे त्यानेच सांगितलं. मी शब्द टाकला नाही. हौसेचं पिस्तूल कुणालाच देऊ नये, माझ्या पुतण्याला तर नाहीच. जागलीला जाणाऱ्याला ठासणीची बंदूक जरूर द्यावी, नीट चौकशी करून, आणि ती हातात घेणाऱ्याचंच नाव परवान्यावर असावं. त्यावरून पुतण्या दोन महिने घरी आला नाही.

अण्णा 2024 च्या पावसाळ्यात गेले. परवानाधारक गेला की बंदूक जमा करावी लागते आणि वारसाला ती हवी असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत अण्णा ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात द्यायचे आणि निकालानंतर परत आणायचे, तशीच मी नेऊन दिली. पावती सातबाऱ्याच्या फायलीत लावली आहे. अर्ज केलेला नाही.

लाईन अजून रात्रीचीच येते, आणि तो सालगडी अजून आमच्या तुरीतूनच मोटर चालू करायला जातो.