दाताला विचारून

ज्वारीचे पोते घरी आले, की त्यातील एक दाणा मी दाताखाली धरतो. पत्नीला हा माझा म्हातारचळ वाटतो. पण त्यामागे तीस वर्षांपूर्वीची एक शरमेची गोष्ट आहे.

मी तेव्हा नुकताच पदवीधर होऊन शिरूर कासारला आलो होतो. फाल्गुनात अवेळी एक सर येऊन गेली होती, आणि मळणी होऊन सिंदफणेकाठच्या आमच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. आजी म्हणाली, "आनखी चार उन्हं खाऊ दे तिला. दाना आधी दाताला इचारावा, मंग कणगीत टाकावा." दाणा कट्‌कन फुटला तरच वाळला, ही तिची परीक्षा. मला शहरात परतण्याची घाई होती. मी हसलो, आणि दुसऱ्याच दिवशी कणगी भरून लिंपून घेतली. कडुनिंबाचा पालाही घालू दिला नाही.

श्रावणात कणगी उघडली. दाणे दिसायला धड होते, पण मूठ हलकी लागली. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व भोक बुजविते. अळी आतून गर खाते. ओलसर धान्यात हा संसार फोफावतो. म्हणून साठवणीच्या ज्वारीत ओलावा शेकडा बाराच्या वर नसावा. हे सारे मी पुढे ग्रंथांत वाचले. आजीच्या दाताला ते आधीच ठाऊक होते.

लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ सालच्या अहवालात तृणधान्यांची नासाडी शेकडा ४.६५ ते ५.९९ दिली आहे. आकडा लहान वाटतो खरा. पण दहा क्विंटल पिकविणाऱ्या घरी शेकडा पाच म्हणजे अर्धा क्विंटल. पाच माणसांच्या सुमारे महिनाभराच्या भाकरी! गारपिटीने पीक आडवे झाले, तर सारा गाव हळहळतो. या महिनाभराच्या भाकरींसाठी मात्र कोणी सुस्कारासुद्धा टाकीत नाही.

आजी मला रागे भरली नाही. दिवसभर ती अंगणात सूप घेऊन पाखडीत बसली. पोकळ दाणे वाऱ्यावर उडून जात होते. संध्याकाळी सूप खाली ठेवून ती एवढेच म्हणाली, "शेतात गेलं ते देवाचं, बाळा, घरात गेलं ते आपलं."

आता माझेच दात हलू लागले आहेत. पण दाण्याला विचारल्यावाचून पोत्याचे तोंड बांधवत नाही.