रोल्लात श्रावण

मंडळी, शारजातलं रोल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती सोन्याची, कापडाची नि किराण्याची दुकानं, आणि सुट्टीच्या संध्याकाळी फुटपाथवर न मावणारी माणसं. पण रोल्ला हे मुळात एका झाडाचं नाव! इथल्या अरबी बोलीत रोल्ला म्हणजे वड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावलेला हा वड १९७८ पर्यंत उभा होता. ईदला त्याच्या फांद्यांना झोके बांधत. आता चौकातल्या बागेत त्या वडाचं स्मारक आहे. त्याला पारंब्या नाहीत, आणि झोका बांधायला फांदीही नाही.

झोके म्हटले की आपल्याला नागपंचमी आठवते आणि नागपंचमीमागून श्रावण. म्हणून बालकवींची श्रावणावरची ती सर्वांची पाठ असलेली कविता या बागेत बसून वाचायची असं ठरवलं. ऑगस्टमध्ये इथे बसणं म्हणजे धाडसच! खाडीकडून येणारा दमटपणा असा की दुकानातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. डोक्यावर टपकन थेंब पडतो तो ढगातून नव्हे, वरच्या मजल्यावरच्या एसीतून. १५ जून ते १५ सप्टेंबर भरदुपारी उघड्यावर काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी असते, यावरून काय ते समजा.

शाळेत आपल्याला ही कविता हिरवळीची म्हणून शिकवली. इथे वाचताना जाणवतं की ती खरं तर उजेडाची आहे. पाऊस तिच्यात येतो-जातो, पण खेळ खेळतं ते ऊन. त्यातली मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे फसवा सूर्यास्त. दिवस मावळला असं वाटतं न वाटतं तोच ढग बाजूला होतो आणि झाडांच्या शेंड्यांवर, उंच घरांवर पिवळा उजेड पडतो. मग कवीची नजर हळूहळू खाली उतरते. आकाशातल्या रंगांवरून बगळ्यांच्या रांगेवर, तिथून ओले पंख झाडणाऱ्या पाखरांवर, गुराख्याच्या पाव्यावर, केवडा-पारिजातकावर, आणि शेवटी फुलं-पत्री खुडणाऱ्या मुलींवर नि देवळाकडे निघालेल्या बायकांवर. आभाळातला ऋतू माणसाच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. सगळी क्रियापदं जवळजवळ वर्तमानकाळातली. हुरहुर वगैरे काही नाही; ती आपण परदेशातून वाचणारे पदरची घालतो.

आणखी एक. त्र्यंबक बापूजी ठोमरे कोकणातले नव्हते हो! जन्म १८९० चा, जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचा. जळगावच्याच १९०७ च्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, जेमतेम सत्ताविसाव्या वर्षी. खानदेशचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला उन्हाळ्याबद्दल कुणी सांगायला नको. कवितेत त्या उन्हाळ्याचा उल्लेखही नाही, पण तो अंगावरून गेल्याशिवाय सरी पडतानाच्या उन्हाकडे इतक्या लाडाने कोण पाहील? ऋतू बदलला हे कळायला आधीचा ऋतू सोसलेला असावा लागतो. या हिशेबाने रोल्लाचा वाचक या कवितेला चांगलाच लायक आहे.

आपल्या मुलांचं मात्र उलटं होतं. इथल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. त्यामुळे ज्यांना तिकिटं परवडतात त्यांची मुलं महाराष्ट्र पाहतात तो फक्त चिंब भिजलेला. आजोळ म्हणजे छत्री, चिखल आणि न वाळणारे कपडे! आपल्या घरच्या लहानाला विचारून पाहा, फुललेला पळस त्याने पाहिला आहे का? होळीचं ऊन आणि दिवाळीची पहाटेची थंडी त्याला ऐकूनच ठाऊक. आणि बाबांची रजा ऑगस्टला जुळत नाही, म्हणून बाबांचा श्रावण वर्षानुवर्षं हुकतो. एकाच घरात मुलाला एकच ऋतू माहीत आणि बापाला नेमका तोच पारखा.

इथे ऋतू बदलतच नाहीत असं मात्र म्हणू नये. २२ एप्रिल १९९८ ला सचिनच्या १४३ धावांच्या मध्येच शारजाच्या मैदानावर आलेलं वाळूचं वादळ कोण विसरेल? १६ एप्रिल २०२४ चा पाऊस तर १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. शारजाचे काही भाग कित्येक दिवस पाण्यात होते. पण इथल्या जुन्या माणसांचा ऋतू ताऱ्यावरून ठरे. आपल्या पंचांगात अधिक महिना आहे म्हणून श्रावण पावसाला धरून राहतो. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरतं, त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. म्हणून इथले कोळी आणि खजूरवाले २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे सुहैल ताऱ्याची वाट पाहत आणि त्यापासून दहा-दहा दिवस मोजत. सुहैल दिसला की उन्हाळ्याचा जोर ओसरणार. आणि सुहैल म्हणजे कोण? आपला अगस्त्य! तो उगवला की नदीचं गढूळ पाणी निवळतं असं आपल्याकडे मानतात, तोच.

संध्याकाळी बागेत दिवे लागले. समोरच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर थोडं पिवळं ऊन शिल्लक होतं. गवतावर ठिकठिकाणी माणसं मोबाईल समोर धरून घरी बोलत होती. शेजारच्या माणसाच्या फोनवर कौलांवरून पाणी गळत होतं आणि पलीकडून बाईचा आवाज येत होता, “अहो, दिसतंय का? थांबा, अंगणात जाते.”