फेलोशिप आणि गांवचें तळें

विद्यापीठाची फेलोशिप म्हटली कीं ग्रंथसंशोधन डोळ्यांपुढें येतें. परंतु अध्यापकानें व कचेरींतील सेवकानेंही लोकांत जाऊन लोकसत्ता दृढ करावी, म्हणून त्यांस साह्य देण्याची चाल कांहीं परदेशी विद्यापीठांनीं पाडली आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यास तिची गरज किती, हें गांवच्या तळ्यावरून कळेल.

येथील पुष्कळशीं जुनीं तळीं कोहळी लोकांनीं बांधलीं व मालगुजारांच्या अमलांत तीं नांदलीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तळीं सरकारकडे आलीं. पाणी, चराई, सरपण यांचे गांवकऱ्यांचे हक्क निस्तार-पत्रकांत नोंदले गेले. १९५८ च्या कायद्यानें ग्रामसभाही मिळाली. तिच्या वर्षाकाठीं निदान चार बैठका व्हाव्यात असा नियम आहे. पण कागदाचा आधार हातीं नसला, कीं सभेंत मोठ्या माणसाचाच आवाज चालतो.

१९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत हा जिल्हा येतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालूं आहे. तिचीं शिबिरें खेडोपाडीं भरतात, रस्ते झाडले जातात, आणि सातव्या दिवशीं मुलें परततात. निस्तार-पत्रक समजावून देण्यास सात दिवस पुरत नाहींत. त्यासाठीं प्राध्यापकास वर्षभर मोकळीक हवी; माझ्या मतें कारकुनास ती आधीं हवी. दप्तर उलगडण्याची कला त्याच्याइतकी कोणास अवगत आहे?

आपल्या घरांतील कोणी असें वर्ष मागितलें, तर वडीलधाऱ्यांनीं बढतीची चिंता पुढें करूं नये, एवढेंच सांगणें.