खचलेला ठोकळा वर आला

सह्याद्रीत भूशास्त्र शिकणाऱ्या पोरांना आडवे थर बघायची सवय असते. बेसॉल्टचे प्रवाह भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. त्यामुळे भुजच्या दक्षिणेला, कात्रोल टेकड्यांच्या पायथ्याच्या ओढ्यात थर जवळजवळ उभे दिसले, तेव्हा मला क्लिनोमीटर बिघडल्यासारखंच वाटलं. डिप, म्हणजे थरांच्या कलाचा कोन, दोनदा घेतला. आकडा तोच.

"फॉल्ट कोणता?" सरांनी विचारलं.

"नॉर्मल," मी नीट न बघताच सांगितलं आणि वहीत लिहूनही टाकलं.

उत्तर पुस्तकातलं होतं. कच्छ हे ताणातून घडलेलं खोरं. गोंडवन हा महाखंड फुटत असताना इथलं कवच ताणलं गेलं, पूर्व-पश्चिम पसरलेल्या फॉल्टांवरून, म्हणजे कवचातल्या फटींवरून, मोठमोठे ठोकळे खाली घसरले, त्या खळग्यांत समुद्र शिरला आणि वालुकाश्म, शेल, चुनखडक साचत गेले. ताण असला की नॉर्मल फॉल्ट, म्हणजे फॉल्टच्या वर रेललेला ठोकळा खाली.

"बरं. जुना खडक कुठल्या बाजूला आहे?"

इथे बोलती बंद झाली. उत्तरेला क्रिटेशियस काळातला भुज वालुकाश्म होता आणि दक्षिणेला त्याहून जुने ज्युरासिक थर. फॉल्टचा उतार दक्षिणेकडे, म्हणजे वर रेललेला ठोकळाही दक्षिणेचाच. तो खाली घसरलेला असता, तर तिथे तरुण खडक हवा होता. होता म्हातारा. ठोकळा वर चढला होता.

भारत आशियाला भिडल्यावर ताणाची जागा दाबाने घेतली. कवचाला नवी फट पाडावी लागली नाही. जुन्या फटी आयत्याच होत्या. ज्या फॉल्टवरून ठोकळा खाली गेला, त्याच फॉल्टवरून तो उलटा वर सरकला. भूशास्त्रज्ञ याला इन्व्हर्जन म्हणतात. कात्रोलची ही धार आणि रणातून डोकं काढणारी पच्छम, खदीर, बेला ही बेटं त्यातूनच उभी राहिली.

हे काम अजून थांबलेलं नाही. १६ जून १८१९च्या भूकंपात रणातला सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला आणि त्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. माणसांनी बांधलेल्या बांधांहून वेगळा, म्हणून लोकांनी त्याला अल्लाबंद, म्हणजे अल्लाचा बांध, म्हटलं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात मात्र जमिनीला भेगा पडल्या, वाळूचे फवारे उडाले, पण ज्या फॉल्टने हे केलं तो पृष्ठभागापर्यंत आलाच नाही. तो खालीच दडून राहिला.

संध्याकाळी मुक्कामी मी नकाशा काढला. फॉल्टच्या रेषेवर खचलेली बाजू दाखवणाऱ्या बारीक रेघा ओढल्या होत्या. त्या खोडरबरने पुसल्या आणि दक्षिणेच्या अंगाला, वर सरकलेल्या ठोकळ्याकडे, रिव्हर्स फॉल्टचे काळे त्रिकोण एकेक करून भरले.