स्वेटर परत करायचा राहिला

प्रिय कॅनेडियन साहित्या,



तुझी-माझी गाठ एका स्वेटरने घातली. रॉक कारिए यांच्या कथेतला स्वेटर. 1946 चा हिवाळा, क्विबेकमधलं खेडं. झाडून सगळी पोरं लाडक्या हॉकीपटू मोरीस रिशारचा 9 नंबर पाठीवर मिरवत, माँट्रियल कॅनेडियन्सच्या स्वेटरात हॉकी खेळतात. एकाचा स्वेटर आखूड होतो. नवा मागवावा तर दुकानाच्या कॅटलॉगमधला फॉर्म इंग्रजीत, आणि आईला इंग्रजीचा गंध नाही. ती साध्या कागदावर फ्रेंचमध्ये पत्र लिहिते, सोबत पैसे घालते. पार्सलातून निघतो टोरंटो मेपल लीफ्सचा, म्हणजे हाडवैऱ्यांचा स्वेटर! परत करावा तर दुकानाचे इंग्रज शेठजी दुखावतील. पोरगं बिचारं तोच घालून बर्फावर उतरतं.

या शतकाच्या सुरुवातीला याच कथेतला मजकूर तुमच्या पाच डॉलरच्या नोटेवर इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांत छापला गेला. नोटेवर दोघी शेजारी-शेजारी. कथेत मात्र एकीला दुसरीचा फॉर्म भरता येत नाही. तुझी खरी ओळख मला या विसंगतीत दिसते.

1945 चंच बघ. ह्यू मॅक्लेनन यांनी इंग्रजीत ‘टू सॉलिट्यूड्स’ लिहिली आणि तुमच्या दोन भाषिक समाजांतल्या अबोल्याला कायमचं नाव मिळालं. त्याच वर्षी गाब्रिएल रुआ यांनी माँट्रियलच्या सेंट-हेन्री या कामगारवस्तीची कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिली. 1947 मध्ये पॅरिसने तिला ‘फेमिना’ पुरस्कार दिला. मायदेशी गव्हर्नर जनरल पुरस्कारही मिळाला, पण तो ‘द टिन फ्लूट’ला, हॅना जोसेफसन यांच्या इंग्रजी अनुवादाला! फ्रेंच पुस्तकांना त्या पुरस्कारांत स्वतःचं पान वाढलं गेलं ते 1959 मध्ये. दोन्ही भाषांना कायद्याने समान दर्जा देणारा अधिकृत भाषा कायदा आला त्याच्याही दहा वर्षांनी.

म्हणून मला तुझ्या दोन दालनांपेक्षा मधल्या उंबरठ्यावर वावरणारी माणसं जवळची वाटतात. यान मार्टेल यांची मातृभाषा फ्रेंच, लिहितात इंग्रजीत. आमच्या पाँडिचेरीतून निघणारी त्यांची ‘लाइफ ऑफ पाय’ 2002 मध्ये बुकर घेऊन गेली. ती फ्रेंचमध्ये कुणी नेली? त्यांच्या आईवडिलांनी. लेक दुसऱ्या भाषेत संसार थाटतो आणि आईबाप त्याचं पुस्तक उचलून घरी आणतात, हे दृश्य मला त्या नोटेपेक्षा मोलाचं वाटतं.

एक मागणं आहे. अनुवाद करणाऱ्या या वाटाड्यांना आतल्या पानावरच्या बारीक टायपात कोंबू नकोस; मुखपृष्ठावर लेखकाच्या शेजारी बसव. 1987 पासून अनुवादालाही गव्हर्नर जनरल पुरस्कार देतोस, ते उत्तमच. पण पुरस्कार वर्षातून एकदा, मुखपृष्ठ रोज दिसतं.

यात माझा स्वार्थ आहे. मला फ्रेंच येत नाही. कारिए यांची ती कथा मी शीला फिशमन यांच्या इंग्रजीतून वाचली. ज्या भाषेतला फॉर्म त्या आईला भरता आला नव्हता, त्याच भाषेतून तिचं गाऱ्हाणं माझ्यापर्यंत पोचलं. या खेपेला पार्सल चुकलं नाही.

तुझा,
एक मराठी वाचक