लेसर थांबल्यानंतर

पीएचडीच्या काळात पुण्यात मी लँथॅनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट या चुंबकीय ऑक्साइडची पातळ पटलं वाढवायचे. लॅबमध्ये सगळे त्याला 'एलएसएमओ' म्हणत. पद्धत पल्स्ड लेसर डिपॉझिशनची. व्हॅक्यूम चेंबरमध्ये टार्गेट, म्हणजे त्या ऑक्साइडची वडी, आणि समोर काही सेंटिमीटरवर हीटरला सिल्व्हर पेस्टने चिकटवलेला सबस्ट्रेट, म्हणजे ज्यावर पटल वाढतं तो स्फटिक. २४८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्झायमर लेसरचा पल्स टार्गेटवर पडला, की पदार्थ उडतो आणि त्याचा झगझगीत प्लूम सबस्ट्रेटपर्यंत झेपावतो. १९८७ मध्ये टी. वेंकटेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन कंपनीत अतिवाहक ऑक्साइडची पटलं अशीच वाढवली आणि ही पद्धत जगभर पोचली.

लॅब बघायला येणाऱ्यांना प्लूमचंच अप्रूप वाटायचं. मी मात्र त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामात जास्त शिकले.

आधीचं काम टार्गेटचं. लँथॅनम ऑक्साइडची पूड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. तशीच तोलली, तर लँथॅनम कमी पडतो आणि सगळं प्रमाण बिघडतं. म्हणून ती आधी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापवायची, डेसिकेटरमध्ये गार करायची आणि लगेच तोलायची. मग स्ट्रॉन्शियम कार्बोनेट आणि मँगनीज डायऑक्साइड घालून खलात घोटायचं, भाजायचं, पुन्हा घोटायचं. शेवटी दाबून वडी करायची आणि ती कडक भाजायची.

सबस्ट्रेट स्ट्रॉन्शियम टायटनेटचा. त्याच्या जाळीचं अंतर ३.९०५ अँगस्ट्रॉम, एलएसएमओचं साधारण ३.८८. हा फरक एक टक्क्याहून कमी असल्याने पटल खालच्या जाळीला धरून वाढतं, पण थोडं ताणलं जातं. ५० नॅनोमीटरच्या पटलात युनिट सेलचे जेमतेम सव्वाशे थर असतात. सबस्ट्रेटवरचा धुळीचा एक कण त्या सगळ्यांपेक्षा उंच भरतो, म्हणून आम्ही सबस्ट्रेट जिवापाड जपायचो.

पटल वाढतं ७०० ते ७५० अंशांवर, मोजक्या ऑक्सिजनमध्ये. लेसर बंद झाला की चेंबरमध्ये ऑक्सिजनचा दाब बराच वाढवायचा आणि तापमान सावकाश उतरवायचं. या पदार्थात इलेक्ट्रॉन एका मँगनीजवरून दुसऱ्यावर जातो तो मधल्या ऑक्सिजनच्या वाटेने, आणि त्याच ये-जा करण्यातून चुंबकत्व टिकतं. ऑक्सिजन कमी राहिला, की रोध वाढतो आणि क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान, घसरतं. चांगल्या एलएसएमओचं क्यूरी तापमान ३७० केल्विनच्या जवळ असतं, म्हणजे खोलीच्या तापमानालाही तो चुंबकीय असतो. मोजमापात पटल त्या आकड्याजवळ पोचलेलं दिसलं, की झालेल्या कष्टांचं चीज व्हायचं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. लॉगबुकात लेसरची ऊर्जा सगळेच लिहितात. पूड कधी तापवली, ऑक्सिजन किती भरला आणि पटल किती वेळात गार केलं, हेही तितक्याच काटेकोरपणे लिहा. तसं पटल पुन्हा वाढवायची वेळ आली, की याच नोंदी लागतात.